आधी रात्री मोजा, मग शिखर निवडा: उंच पर्वतातला पहिला छोटा ट्रेक

उंच पर्वतातला पहिला ट्रेक बहुतेक जण फोटो पाहून ठरवतात. निळंशार तळं, मागे बर्फाचं शिखर, काठावर एकुलता एक पिवळा तंबू. मग त्या तळ्याचं नाव शोधायचं, तिथवर जायला किती दिवस लागतात ते पाहायचं आणि ते कसंबसं आपल्या रजेत कोंबायचं. मीही सुरुवातीला असंच करायचो. एकदा त्यापायी डोकं धरून दिवसभर तंबूत पडून राहिलो, आणि एकदा खिंडीच्या पायथ्याशी मांडीभर बर्फ पाहून निमूट मागे फिरलो. दोन्ही वेळा डोंगराची काही चूक नव्हती.

ज्यांनी दिवसभराचे ट्रेक केले आहेत, पण तंबू-शिधा पाठीवर टाकून झाडं संपतात त्याच्याही वर, म्हणजे ‘अल्पाइन’ पट्ट्यात, दोन-चार रात्री कधी काढलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. निवडीचा क्रम इथे उलटा आहे. आधी रजा, मग सोबतची माणसं, मग उंची, मग महिना. जागेचं नाव त्यानंतर.

पण ‘अल्पाइन’ म्हणायचं कशाला?

शब्द आल्प्सवरून आला असला, तरी तो अमुक मीटरची उंची सांगत नाही. थंडीमुळे झाडं वाढायची थांबतात त्या रेषेच्या वरचा पट्टा म्हणजे अल्पाइन. ही वृक्षरेषा आल्प्समध्ये साधारण दोन हजार मीटरच्या आसपास असते, हिमालयात साडेतीन ते चार हजारांवर जाते, तर न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर हजार-बाराशे मीटरवरच झाडं संपतात. त्यामुळे ‘फक्त १,४०० मीटर? मग सोपं असेल’ हा हिशोब फसवा आहे. तिथल्या उघड्या धारेवर वारा माणसाला खाली बसायला लावतो.

झाडं संपली की आडोसाही संपतो. वारा अडवायला काही नाही, वीज पडायला लागली तर जायला जागा नाही, आणि धुकं उतरलं की वाट म्हणजे फक्त एका दगडांच्या ढिगापासून दुसऱ्या ढिगापर्यंतचा अंदाज. वर दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. गावात रात्री १५ अंश असतील, तर दोन हजार मीटर वरच्या मुक्कामी पाणी गोठण्याची तयारी ठेवायची.

पहिली पायरी: रजेतून दिवस वजा करत जा

एक कागद घ्या आणि वर एकूण दिवस लिहा. समजा शनिवार ते पुढचा रविवार असे नऊ दिवस आहेत. पायथ्याच्या गावापर्यंत जायला एक आणि यायला एक, असे दोन गेले. उंची मोठी असेल तर शरीराला सवय होण्यासाठी पायथ्याशी दोन दिवस. आणि एक दिवस पूर्णपणे मोकळा. उरले चार दिवस, म्हणजे डोंगरातल्या तीन रात्री. नऊ दिवसांच्या रजेतून एवढंच हाती येतं, आणि पहिल्या वेळेला तेवढंच पुरे.

मोकळ्या दिवसावर सगळ्यांचा जीव अडकतो. ‘तो वाचवला तर आणखी एक तळं होईल की!’ पण हवामान बिघडलं तर थांबायचं कशाच्या जोरावर? परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं असेल, तर भरल्या ढगातही माणूस खिंड चढायला निघतो. तो निर्णय खरं तर खिंडीत होत नाही, तिकीट काढताना झालेला असतो. दिवस वाचलाच, तर पायथ्याच्या गावात झोपा काढा, जवळचं एखादं टोक पाहून या.

हाताशी चार-पाचच दिवस असतील तर हिशोब आणखी कडक होतो. मग ज्या रांगेत मुक्काम अडीच हजार मीटरच्या खाली आहेत आणि रस्ता वाटेच्या तोंडापर्यंत येतो, अशीच रांग शोधायची. उंच हिमालय किंवा अँडीज त्या रजेत बसत नाहीत. बसवले, तरी निम्मी रजा डोकेदुखीतच जाते.

दुसरी पायरी: किलोमीटर सोडा, तास धरा

स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा ठोकताळा मांडला, तो आजही वापरात आहे. मेट्रिक मापात तो असा: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. बारा किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल तर २ तास २४ मिनिटं अधिक दीड तास, म्हणजे चार तासांना थोडं कमी.

हे चार तास सडसडीत, सवयीच्या माणसाचे. यात थांबणं नाही, फोटो नाहीत, पाठीवरचं ओझं नाही, विरळ हवा नाही. नवख्या गटाने या आकड्याची दीडपट करायची, घसारा किंवा मोठमोठ्या धोंड्यांची वाट असेल तर दुप्पट. म्हणजे तो ‘बारा किलोमीटरचा’ दिवस सहा ते आठ तासांचा झाला. सकाळी सातला निघून दुपारी दोन-तीनला मुक्कामी पोचणार असाल तर दिवस नीट बेतलाय. संध्याकाळी सहा वाजत असतील तर तो दिवस दोन तुकड्यांत तोडा किंवा दुसरी वाट बघा.

स्वित्झर्लंडमध्ये वाटांच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतातच, थेट वेळ लिहिलेली असते, तीही विश्रांती न धरता. तिथेच ‘शंभर मीटर चढ म्हणजे सपाटीचा एक किलोमीटर’ असा हिशोबही चालतो. दोन वाटांची तुलना करायला तो सोयीचा. आठ किलोमीटर आणि १,२०० मीटर चढाची वाट (८ + १२ = २०) ही चौदा किलोमीटर आणि ३०० मीटर चढाच्या वाटेपेक्षा (१४ + ३ = १७) अवघड ठरते, जरी नकाशावर ती इवलीशी दिसत असली तरी.

उताराला कोणी धरत नाही. बारा किलोची सॅक घेऊन १,२०० मीटरचा सलग उतार उतरल्यावर गुडघे काय म्हणतात ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. पहिल्या ट्रेकला एका दिवसात ८०० मीटरहून जास्त चढ किंवा हजार मीटरहून जास्त उतार नको, हे माझं स्वतःचं माप आहे. कुठल्या नियमावलीतलं नाही.

आणि हे सगळं कुणाच्या वेगाने मोजायचं? गटातल्या सगळ्यात हळू माणसाच्या. सरासरीच्या नव्हे. निघण्याच्या महिनाभर आधी सगळ्यांनी लागोपाठ दोन दिवस, पूर्ण भरलेली सॅक घेऊन, पाच-सहा तास चालून पाहावं. लागोपाठ हे महत्त्वाचं, कारण पहिल्या दिवशी सगळेच चालतात. जवळ टेकडी नसेल तर उंच इमारतीचा जिना चालेल. पायाला फोड येणार असतील तर ते इथेच येऊ देत.

तिसरी पायरी: झोपण्याची उंची पाहा

नवखे लोक वाटेतला सर्वोच्च बिंदू विचारतात. जुने लोक विचारतात, ‘मुक्काम किती उंचीवर?’ दिवसा खिंड ओलांडून खाली उतरलात तर शरीर बरंच सहन करतं, रात्रभर उंचावर झोपलात तर हिशोब वेगळा.

तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्के असतो. प्रत्येक श्वासात तेवढाच कमी प्राणवायू. शरीर जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात आणि ते तुमच्या रजेचा अर्ज वाचत नाही. विरळ हवेचा त्रास अडीच हजार मीटरच्या वर कुणालाही होऊ शकतो, धावणाऱ्यालाही आणि व्यायाम न करणाऱ्यालाही. मागच्या वेळी झाला नाही म्हणून या वेळी होणार नाही, असंही नाही. उलट तगडा गडी भराभर वर जातो आणि लवकर अडकतो.

पर्वतीय वैद्यकात मान्य असलेला ठोकताळा असा: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जास्तीची रात्र त्याच उंचीवर काढावी. आता प्रत्येक मुक्कामाची उंची कागदावर एकाखाली एक लिहा आणि वजाबाक्या करा. २,९००, ३,३००, ३,७०० ठीक आहे. २,००० वरून गाडीने निघून पहिलीच रात्र ३,६०० वर दिसली, तर तो कार्यक्रम बाजूला ठेवा, मग तो कुणीही आखलेला असो.

विमानाने थेट उंचावर उतरणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, पेरूमधलं कुस्को ३,४०० वर. तिथे पहिले दोन दिवस चालायचं नाव काढायचं नाही. हे दिवस ‘वाया’ गेले असं वाटतं, पण ट्रेक तिथूनच सुरू झालेला असतो.

डोकं दुखतंय, मळमळतंय, भूक मेली, थकवा जात नाही: उंचीवर हे सगळं विरळ हवेमुळेच आहे असं धरून चालायचं. अशा वेळी आणखी वर जायचं नाही. आराम पडला नाही किंवा वाढलं तर खाली. झोकांड्या जाणं, बोलण्यात विसंगती येणं ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असते. बसल्या जागी धाप लागणं, छातीत घरघर ही फुप्फुसात पाणी साठत असल्याची. या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नसते. रात्र असली तरी माणसाला सोबत देऊन लगेच खाली न्यायचं. असेटाझोलामाइड हे औषध सवय होण्याचा वेग वाढवतं, पण ते घ्यावं की नाही, किती, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठरवा. बरोबरच्या मित्राच्या पुडीतून घेऊ नका.

म्हणूनच वाट निवडताना मी एक प्रश्न विचारतो: कुठल्याही मुक्कामावरून दोन-तीन तासांत पाचशे मीटर खाली जाता येतं का? लांबलचक उंच पठारावरच्या वाटा दिसायला सोप्या, चढ-उतार कमी. पण तिथे आजारी पडलात तर खाली जायला ‘खाली’च नसतं.

चौथी पायरी: महिना

वाट तीच, पण जूनमधली आणि सप्टेंबरमधली यांचा एकमेकींशी संबंध नाही. आल्प्समधल्या ट्रेकर्सच्या मुक्कामाच्या उंच झोपड्या साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्या-अखेरीपर्यंत उघड्या असतात. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात हिवाळ्यात भरपूर बर्फ पडलं असेल, तर उंच खिंडी जुलैतही पांढऱ्या असतात. हिमालयाच्या दक्षिण उतारावर पावसाळ्याआधीचा मे-जून आणि नंतरचा सप्टेंबर-ऑक्टोबर, तर पर्जन्यछायेतलं लडाख जुलै-ऑगस्टमध्येच खरं खुलतं. न्यूझीलंड आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियाचा उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा. पोलंड-स्लोव्हाकियाच्या सीमेवरच्या टाट्रा पर्वतात स्लोव्हाकियाच्या बाजूच्या उंच वाटा तर १ नोव्हेंबरपासून अधिकृतपणे बंद होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उघडतात.

हंगामाच्या सुरुवातीची गंमत अशी की दरीत फुलं उमललेली असतात, आणि खिंडीच्या सावलीकडच्या उतारावर मात्र जुनं, टणक बर्फ बसलेलं असतं. सकाळी ते काचेसारखं असतं. पाय सरकला की थांबवायला काही नाही. आइस अॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) वापरायला शिकला नसाल तर असा उतार तुमच्यासाठी बंद, मग तो वीस मीटरचाच का असेना. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारावर बर्फ जास्त टिकतं. नकाशात खिंडीची ती बाजू पाहून ठेवा.

वितळणाऱ्या बर्फाचे ओढे-नद्या दुपारनंतर चढतात आणि पहाटे सगळ्यात कमी असतात. वाटेत पूल नसलेली नदी असेल, तर मुक्काम तिच्या अलीकडे ठेवायचा आणि सकाळी ओलांडायची. गुडघ्यापर्यंतचं वेगवान पाणीही माणूस पाडतं. पाण्यात शिरताना सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडलेला हवा, पडलात तर सॅक तुम्हाला खाली दाबून ठेवायला नको. वेळापत्रक आखतानाच हे धरलं नाही, तर दुपारी तीन वाजता नदीकाठी उभं राहून एकमेकांची तोंडं बघावी लागतात.

उन्हाळ्यात बऱ्याच पर्वतांत दुपारी गडगडाट होतो. अमेरिकेच्या रॉकीजमध्ये तर तो जवळजवळ रोजचा पाहुणा. म्हणून खिंड किंवा धार दुपारी बाराच्या आत मागे पडेल, असाच दिवस बेतायचा. खिंडीच्या पायथ्याशी आदल्या रात्रीचा मुक्काम मिळत नसेल, तर ती खिंड या खेपेला नको.

नवख्यांनी नेमकं कधी जावं? माझं मत हंगामाच्या उत्तरार्धाकडे झुकतं. बर्फ उतरलेलं, ओढे शांत, डास कमी. दिवस लहान झालेला असतो आणि रात्री गारठा वाढतो, पण गारठ्यावर चांगली स्लीपिंग बॅग मिळते.

पाचवी पायरी: वाटेचा आकार

न्यूझीलंडच्या दोन प्रसिद्ध वाटा शेजारी ठेवून पाहा. केप्लर ट्रॅक साठ किलोमीटरचा, तीन-चार दिवसांचा, जिथून निघाला तिथेच परत आणणारा वळसा. रूटबर्न जेमतेम बत्तीस-तेहेतीस किलोमीटरचा, पण या टोकाकडून त्या टोकाला जाणारा. त्याच्या दोन टोकांमधलं रस्त्याचं अंतर तीनशे किलोमीटरहून जास्त! चालणं निम्मं, पण गाडीची जुळवाजुळव त्याच्या दुप्पट.

आरपार वाट देखणी असते. रोज नवी दरी, शिवाय ‘पार केलं’ याचं समाधान. पण अर्ध्या वाटेनंतर मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब होतं, आणि पलीकडे गाडी ठरलेल्या दिवशी थांबणार असते. वळशात गाडीचा प्रश्न सुटतो, मधली अडचण तशीच राहते. आल्या वाटेने परत जाण्याला लोक नाकं मुरडतात. मला विचाराल तर पहिल्या ट्रेकला ती फार चांगली. परतीचा प्रत्येक ओढा आणि प्रत्येक वळण ओळखीचं असतं, आणि कुठल्याही क्षणी ‘बास, इथून मागे’ म्हणता येतं.

त्याहूनही सोपा चौथा प्रकार फार कमी लोक निवडतात: एका दिवसाच्या अंतरावर चांगला तळ ठोकायचा, तिथेच दोन-तीन रात्री राहायचं आणि रोज हलकी सॅक घेऊन आसपासची तळी, खिंडी, टोकं पाहायची. ओझं दोनच दिवस. हवा बिघडली तर तंबूत पडून राहायचं, काही बुडत नाही. पायाला फोड आलेल्याने त्या दिवशी तळ राखावा.

आकार कुठलाही निवडा, नकाशावर सुटकेच्या वाटा रंगवून ठेवा. पहिल्या मुक्कामावरून रस्ता किती तासांवर? दुसऱ्या? जिथून सगळ्यात जवळचा रस्ता एका दिवसाहून लांब आहे असा मुक्काम पहिल्या ट्रेकमध्ये नसावा.

सहावी पायरी: तंबू की झोपडी, आणि कुणाची परवानगी

आल्प्समध्ये डोंगरी झोपड्यांचं जाळं आहे. गादी, ब्लँकेट, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता मिळतो. आपण फक्त आत झोपायची पातळ चादरीची पिशवी आणि रोख पैसे न्यायचे, आणि जागा आधी राखून ठेवायची. सॅक सात-आठ किलोंवर येते. तंबूवाल्यांना हे ‘खरं बॅकपॅकिंग’ वाटत नाही, त्यांना वाटू दे. नवख्याला पहिल्यांदा फक्त चालण्याकडे लक्ष देता येतं, आणि झोपडी सांभाळणाऱ्याला उद्याच्या खिंडीची अवस्था विचारता येते. त्याचं उत्तर कुठल्याही अॅपपेक्षा ताजं असतं.

तंबूचे नियम दर देशात वेगळे. नॉर्वेत मोकळ्या माळरानावर घरांपासून १५० मीटर लांब तंबू टाकण्याचा हक्क सगळ्यांना आहे. स्वित्झर्लंडमध्ये तो कँटनप्रमाणे, म्हणजे तिथल्या प्रांताप्रमाणे, आणि राखीव क्षेत्राप्रमाणे बदलतो. न्यूझीलंडच्या मिलफर्ड ट्रॅकवर तंबू चालतच नाही. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे तिथल्या उंच कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, आणि तिथले कित्येक नावाजलेले मुक्काम बदलले. जुनं प्रवासवर्णन वाचून तिथे जायचं ठरवणाऱ्याला हे माहीत नसतं. फुलांच्या घाटीत तर आत राहताच येत नाही. घांघरियाला राहून दिवसा जाऊन यायचं.

परवान्यांवर मर्यादा असते तिथे निवड कॅलेंडर करतं. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या रानातल्या मुक्कामाचे बरेचसे परवाने कित्येक महिने आधी सोडतीने जातात, उरलेले आठवडाभर आधी खुले होतात. शिवाय तिथे अन्न अस्वलांपासून वाचवणारा टणक डबा न्यावाच लागतो, तो किलोभर वजनाचा. म्हणून नावाजलेल्या वाटेसोबत त्याच रांगेतली एक अनवट वाटही निवडून ठेवा. बहुतेक वेळा तीच जास्त लक्षात राहते.

सातवी पायरी: सगळ्यात वाईट शंभर मीटर शोधा

‘मॉडरेट’ हा शब्द ट्रेकच्या जाहिरातींत मिठासारखा टाकतात. त्यावरून काहीच कळत नाही. तीस किलोमीटरची वाट सुरेख मळलेली असते आणि मध्ये कुठेतरी शंभर मीटरचा असा तुकडा असतो की तिथे अर्धा गट थिजतो. तो तुकडा घरी बसून शोधायचा.

मोजमापाच्या काही पद्धती कामाला येतात. स्विस अल्पाइन क्लबची श्रेणी टी-१ ते टी-६ अशी आहे. पहिल्या ट्रेकला टी-२, फार तर ओळखीच्या माणसासोबत टी-३. टी-४ पासून हात वापरावे लागतात. वाटेवरच्या रंगांतही तेच: पिवळी खूण म्हणजे साधी वाट, पांढरी-लाल-पांढरी म्हणजे डोंगरी वाट, पांढरी-निळी-पांढरी म्हणजे अल्पाइन वाट. निळा दिसला की नवख्याने थांबायचं.

जिथे अशी श्रेणी नाही तिथे नकाशाच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वाचा. वाट जिथे दाट रेषांना समांतर जाते, तिथे कड्याच्या अंगाची अरुंद वाट असणार. जिथे ती रेषांवर काटकोनात चढते, तिथे छातीवरचा चढ किंवा घसारा. समोच्च रेषाच निळ्या असतील तर ती हिमनदी. दोर आणि जाणकार माणूस नसेल तर तिथे जायचं नाही. मग त्या वाटेची लोकांनी लिहिलेली वर्णनं वाचा, पण तुमच्याच महिन्याची आणि एकापेक्षा जास्त वर्षांची. ‘इथे जरा जपून’ असं तिघांनी एकाच जागी लिहिलं असेल, तर तुमचे शंभर मीटर सापडले.

ओझ्याबद्दल थोडक्यात

सामानाची यादी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे निवडीपुरतंच. तंबू, शिधा, पाणी धरून सॅक तुमच्या वजनाच्या एक-पंचमांशाच्या आत राहत नसेल, तर रात्री कमी करा किंवा झोपड्यांची वाट निवडा. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं लिहिलेली असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’चं पाहा, ‘लिमिट’चं नाही. कॅरीमॅटकडे दुर्लक्ष होतं, पण थंडी खालून येते. मॅट थंडी किती अडवतं त्याचं माप म्हणजे आर-व्हॅल्यू; वृक्षरेषेच्या वर साधारण चार आर-व्हॅल्यूचं मॅट घ्या. गॅसचा डबा विमानातून नेता येत नाही, तो पायथ्याशी मिळतो का ते आधी विचारा. पाणी उकळून पिणार असाल तर दोन हजार मीटरच्या वर खळखळून तीन मिनिटं उकळा. तिथे ते शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं, त्यामुळे अन्नही हळू शिजतं आणि गॅस जास्त लागतो.

आता तीन पर्याय समोर ठेवू

नऊ दिवसांची रजा, नवखा गट. हिमाचलमधली हंप्ता खिंड मोहात पाडते: कुलूच्या हिरव्या बाजूने चढून लाहौलच्या उघड्याबोडक्या बाजूला उतरायचं, चार-पाच दिवस. पण मनाली साधारण दोन हजार मीटरवर, खिंड ४,२७० वर, आणि वाट आरपार. मुक्कामांच्या उंचीची वजाबाकी करून पाहा. मध्ये जास्तीची एक रात्र घातली तरच ती नवख्यांना झेपेल, म्हणजे मोकळा दिवस तिकडे जातो.

आल्प्समधल्या मों ब्लां शिखराभोवतीची पूर्ण फेरी १६५ ते १७० किलोमीटरची आणि एकूण सुमारे दहा हजार मीटर चढाची, दहा-अकरा दिवसांची. ती रजेत बसत नाही. पण फ्रान्समधल्या ले कोंतामिनपासून इटलीतल्या कूरमायरपर्यंतचा तुकडा तीन दिवसांत होतो. सगळ्यात उंच जागा कोल द ला सेन्य ही खिंड, २,५१६ मीटर, आणि मुक्काम त्याहून खाली. विरळ हवेचा प्रश्न जवळजवळ मिटला. चढ-उतार मात्र खरे आहेत, आणि परतीला मों ब्लां बोगद्यातून बस पकडावी लागेल.

केप्लरला उंचीचा प्रश्नच नाही, वळसा आहे, झोपड्या आहेत. कस लागतो तो लक्समोर झोपडीच्या पुढच्या उघड्या धारेवर, एकाच दिवशी. तो दिवस वाऱ्याचा निघाला तर झोपडीत थांबायची तयारी हवी.

मी नवख्यांना मधला पर्याय सुचवेन. गटात एखाद्याला आधी उंचीची सवय असेल आणि रजा दोन दिवसांनी वाढणार असेल, तर हंप्ता.

शेवटची पायरी: घरी ठेवायचा कागद

मदत कशी येणार हे निघण्याआधी ठरतं. युरोपभर ११२ हा आपत्कालीन क्रमांक चालतो. फोन लागत नसेल तर पर्वतांतली जुनी खूण आजही चालते: मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्चचा झोत, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. समोरून मिनिटाला तीन वेळा उत्तर आलं की समजायचं, आपल्याला पाहिलंय. सॅटेलाइटवर चालणारी उपकरणं बऱ्याच देशांत सर्रास वापरतात, पण भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे, आणि सॅटेलाइट मेसेंजर जवळ सापडल्याने इथे परदेशी पर्यटक पकडलेही गेले आहेत. प्रवासविमा घेताना त्यात हेलिकॉप्टरने सुटका धरली आहे का आणि उंचीची मर्यादा किती, ही दोन कलमं स्वतः वाचा.

मग एका कागदावर वाट, प्रत्येक रात्रीचा मुक्काम, सुटकेच्या वाटा, गटातल्या सगळ्यांची नावं आणि तिथल्या बचावपथकाचा क्रमांक लिहा. खाली ठळक अक्षरांत एक वेळ लिहा: ‘रविवारी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर या क्रमांकावर कळव.’ ही वेळ परतीच्या अंदाजानंतर पाच-सहा तासांची असावी, म्हणजे उशीर झाला तर उगाच धावपळ नको. कागद अशा माणसाकडे द्या जो विसरणार नाही आणि घाबरूनही जाणार नाही. खाली उतरून मोबाइलला रेंज आली की पहिला फोन त्याला, फोटो नंतर.